कोंबडीची जखम भरते आणि पुन्हा उघडते: औषध बदलण्याआधी काय तपासाल

जखम झाली, हळद दाबली, खपली धरली, कोंबडी बाकीच्यांत सोडली आणि आठवड्याभरात त्याच जागी पुन्हा लाल. घरी पाच-पंधरा कोंबड्या पाळणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. मग औषध बदललं जातं. हळदीऐवजी मलम, मलमाऐवजी फवारा, फवाऱ्याऐवजी मेडिकलवाल्याने दिलेली माणसांची गोळी. वास्तविक कोंबडीची कातडी चांगली भरून येते. वरवरची जखम स्वच्छ ठेवली आणि कुणी छेडली नाही, तर दीड-दोन आठवड्यांत सुकते. ती सुकत नसेल किंवा सुकून उघडत असेल, तर कुणीतरी ती रोज नव्याने करतंय असं समजून शोध घ्यायचा. आणि त्याचा अर्धा पत्ता जखमेच्या जागेवरूनच लागतो. पाठ, बूड, तळवा, तुरा, मान: प्रत्येक जागेचा गुन्हेगार वेगळा.

शोधाला लागण्याआधी एक गोष्ट ठरवायची. ही जखम घरी सांभाळण्यासारखी आहे का?

आजच्या आज डॉक्टर कधी

दीड किलोच्या कोंबडीच्या अंगात रक्त साधारण १०० मिली, म्हणजे जेमतेम अर्धा कप. त्यामुळे "थोडंसंच तर गेलंय" हे माणसाच्या मापाने बोलू नये. स्वच्छ सुती कापड जखमेवर दाबून धरा आणि मध्येमध्ये उचलून बघू नका, कारण बघण्यातच धरलेली गुठळी निघते. दहा मिनिटांत थांबलं नाही, तर कापड तसंच दाबून दवाखान्याकडे निघा.

मांजर किंवा कुत्र्याने धरलं असेल, तर जखम मोठी असो की नुसतं टिंब, डॉक्टर हवाच. मांजराचा सुळा बारीक असतो. कातडीवर भोक दिसतही नाही, पण तोंडातले पाश्चुरेलासारखे जंतू खोल मांसात जाऊन बसतात. कोंबडी संध्याकाळी ठीक दिसते आणि एक-दोन दिवसांत मान टाकते. इथे अँटिबायोटिक लवकर सुरू होणं हाच उपचार, आणि ते कोणतं व किती हे डॉक्टरने ठरवायचं. कुत्रा पिसाळलेला असल्याची शंका असेल, तर आधी स्वतःचे हात सांभाळा. ओली लाळ जखमेभोवती असू शकते. हातावर ओरखडे असतील तर हातमोजे नाहीतर प्लास्टिकची पिशवी चढवा, नंतर साबणाने धुवा आणि तुमच्या डॉक्टरांनाही सांगा.

गळ्याखाली, छातीच्या वर, अन्नाची पिशवी असते. तिथल्या जखमेतून दाणे किंवा पाणी बाहेर येत असेल तर पिशवीच फाटली आहे. दाणा-पाणी थांबवून थेट दवाखाना. आतडं दिसत असेल तर मिठाच्या कोमट पाण्यात भिजवलेलं स्वच्छ कापड त्यावर ठेवा. आत ढकलू नका.

दोन गोष्टी लोकांना चकवतात. पहिली, मार लागल्यावर कातडी फुग्यासारखी वर येते आणि दाबली की करकर लागते. ती सूज नव्हे, हवा असते. पक्ष्यांच्या अंगात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात. त्यांतली एखादी फाटली की हवा कातडीखाली येते. थोडी असेल तर आपोआप जिरू शकते. वाढत असेल किंवा सावलीत बसूनही कोंबडी चोच उघडून श्वास घेत असेल, तर वाट बघू नये. दुसरी, पंखाचं खांद्याजवळचं हाड आतून पोकळ असतं आणि त्याच हवेच्या पिशव्यांना जोडलेलं असतं. ते मोडून बाहेर आलं असेल तर तिथे पाण्याची धार मारून धुवायचं नाही, कारण पाणी थेट श्वासमार्गात उतरू शकतं. नुसतं झाका, पंख अंगाशी हलकेच बांधा आणि न्या.

पहिला तास

कोंबडी धरताना छातीवर आवळू नका. तिला माणसासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच श्वास चालतो, त्यामुळे घाबरून घट्ट मिठी मारली की ती हातातच गुदमरते. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात पंख गुंडाळून, छाती मोकळी ठेवून मांडीवर घ्या. डोक्यावर कापड टाकलं की ती शांत होते.

मग फळांच्या दुकानातलं पुठ्ठ्याचं खोकं घ्या. बाजूंना भोकं, तळाशी वर्तमानपत्र आणि वर कापड. भाताचं तूस किंवा गवत उघड्या जखमेखाली नको, कण चिकटतात. वरून मच्छरदाणीचा तुकडा बांधा, याचं कारण पुढे येईल. मार लागलेली कोंबडी थंड पडते. निरोगी कोंबडीच्या अंगाचं तापमानच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं. थंडीत किंवा पावसात खोक्याच्या एका कोपऱ्याशी पिवळा बल्ब लावा, दुसरा कोपरा मोकळा ठेवा, म्हणजे नको असेल तेव्हा ती बाजूला सरकेल. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यात हे करायचं नाही. तिथे पंखा आणि ओलं पोतं कामाचं.

पाणी तोंडात ओतणं ही सगळ्यांत मोठी घाई. कोंबडीची श्वासनळी जिभेच्या अगदी मागेच उघडते, त्यामुळे ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. चोचीचं टोक पाण्यात बुडवा, तिला पिऊ द्या. ओआरएस नेहमीपेक्षा पातळ करून दिलेलं चालतं.

धुण्यासाठी अर्धा लिटर उकळलेल्या पाण्यात पाऊण चहाचा चमचा मीठ, पाणी कोमट झाल्यावर. सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने धार सोडायची. आधी भोवतालची पिसं कात्रीने कापून घ्या. उपटू नका, पिसाबरोबर कातडी फाटते. त्यानंतर बीटाडीनचं द्रावण फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघायला समाधान देतो, पण रोज लावला तर नव्याने आलेलं मांसही जळतं.

हळदीबद्दल विचारणारे खूप असतात, म्हणून सांगतो. वरच्या ओरखड्यावर चिमूटभर हळदीने फारसं बिघडत नाही. खोल भोकात किंवा फाटलेल्या कातडीखाली मात्र ती कोंबू नका. रक्ताबरोबर तिचा लगदा होतो, घाण आत कोंडते आणि डॉक्टरला टाके घालायच्या आधी तोच लगदा खरवडत बसावं लागतं. रॉकेल, फिनेल, चुना, टर्पेंटाइन: यांतलं काहीही नाही. बैलाच्या खांद्यावर चालतं ते दीड किलोच्या पक्ष्याला चालत नाही, शिवाय कोंबडी चोचीने अंग साफ करते, म्हणजे लावलेलं सगळं पोटात जातं.

आणि माणसांच्या गोळ्या. डायक्लोफिनॅकवर जनावरांच्या वापरासाठी देशात २००६ साली बंदी आली, ती गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती मेली म्हणून. कोंबडीच्या मूत्रपिंडालाही ते औषध बाधतं. तरीही "दुखतंय बिचारीला" म्हणून गोळीचा चतकोर ठेचून देणारे भेटतात. दुखणं कमी करायला पक्ष्यांसाठी मेलॉक्सिकॅम वापरतात, पण वजनाच्या हिशोबाने, डॉक्टरच्या चिठ्ठीने. जागा बधिर करणारी मलमं आणि प्रोकेनयुक्त पेनिसिलिन यांनाही पक्षी नाजूक असतात. घरात पडलेली ट्यूब म्हणून लावू नका.

जखम पाठीवर: कोंबड्याकडे बघा

पाठीची आणि पंखांच्या मुळाशी पिसं गेलेली, कातडी लाल, दोन्ही बाजूंना लांबट चिरा. हे कोंबड्याचं काम. चढताना तो नखांनी तोल सावरतो, पायाचा काटा लांब असेल तर कातडी चिरतो. दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा ठीक. चार कोंबड्यांत एक धिप्पाड कोंबडा असेल, किंवा दहांत दोन असतील, तर ओझं ठरावीक एक-दोघींवर पडतं, कारण कोंबड्याच्या आवडीच्या ठरलेल्या असतात. इतर सगळ्या धडधाकट आणि एकीचीच पाठ सोललेली, असं दृश्य दिसलं की रोग शोधत बसू नये.

इथे जखम पुन्हा पुन्हा होण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते फार जणांना ठाऊक नसतं. उपटलेलं पीस काही आठवड्यांत परत येतं. मधून मोडलेलं पीस मात्र, त्याची काडी कातडीत शिल्लक असेपर्यंत, येत नाही. ती पुढच्या पीसगळीतच पडते. म्हणजे जखम भरली तरी पाठ महिनोन्‌महिने उघडीच राहते, आणि उघड्या पाठीवर पुन्हा नख. म्हणून नुसतं औषध लावून भागत नाही. कोंबडा वेगळा ठेवा, जमत नसेल तर कोंबडीला पाठीवर कापड बांधा. जुन्या जीन पँटचा तळहातापेक्षा मोठा तुकडा, त्याला दोन इलॅस्टिकचे पट्टे, पट्टे पंखांच्या मुळाखालून येतील असे. घट्ट नको, दोन बोटं आत गेली पाहिजेत. जखम ओली असताना हे बांधायचं नाही, आणि बांधल्यावर रोज उचलून खाली बघायचं. दमट हवेत कापडाखाली कातडी सडते.

काट्याचं टोक कानशीने गोल करता येतं, पण फक्त टोक. आत हाड आणि रक्त असतं. लांब काटा कापायचा असेल तर डॉक्टरकडून.

जखम बुडाशी किंवा शेपटीच्या मुळाशी: बाकीच्या कोंबड्या

कोंबडीला लाल रंग दिसला की ती चोच मारते, आणि एकीने मारली की सगळ्या मारतात. सकाळी रुपयाएवढी असलेली जखम संध्याकाळपर्यंत हाताच्या पंजाएवढी होते. जांभळं औषध, म्हणजे जेन्शियन व्हायोलेट, लावण्यामागचं खरं शहाणपण जंतू मारण्याइतकंच लाल रंग झाकण्यात आहे. तरी रंगाच्या भरवशावर जखमी कोंबडी कळपात सोडू नका. वेगळी ठेवा.

आता टोचायला सुरुवातच का झाली? गर्दी हे पहिलं कारण. गावात कोंबड्या दिवसभर उंडारतात तेव्हा हा त्रास कमी असतो. पावसात चार-चार दिवस कोंडल्या की सुरू होतो. दुसरं कारण खाणं. नुसत्या तांदळाच्या कण्या आणि मक्यावर असलेल्या कोंबड्यांना प्रथिनं कमी पडतात आणि त्या एकमेकींची पिसं खायला लागतात. अंड्यावरच्या कोंबडीला खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं लागतात. शेंगदाण्याची पेंड, सुक्या मासळीचा चुरा किंवा तयार लेअर खाद्य यांनी फरक पडतो. खुराड्यात अंडी घालायची जागा उजेडात असेल तर तीही आडोशाला न्या. अंडं घालताना बुडाचा लाल भाग क्षणभर बाहेर दिसतो आणि शेजारणीची चोच तयारच असते.

तिसरं, उवा आणि लाल गोचिड्या. या गोचिड्या दिवसा खुराड्याच्या लाकडाच्या फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात. म्हणून दिवसा अंग तपासून काही सापडत नाही. रात्री बॅटरी घेऊन कोंबड्या बसतात त्या दांडीच्या खालच्या बाजूवरून पांढरं कापड फिरवा. तांबडे ठिपके चिरडले तर कारण सापडलं. मग औषध खुराड्याच्या फटींनाही लागतं, नुसत्या कोंबडीला लावून काही होत नाही.

एक वेगळी शक्यता: बुडातून लाल, ओला गोळा बाहेर आलेला आणि तो आत जात नाही. ही जखम नाही, अंडनलिकेचा भाग बाहेर आलाय. नवीन अंड्यावर आलेल्या तलंगांत आणि फार लठ्ठ कोंबड्यांत होतं. वेगळं करा, मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, ओलं ठेवा, दवाखान्यात न्या. एकदा झालं की पुन्हा होण्याची शक्यता असते, हेही डॉक्टरशी बोला.

तळव्याला काळी खपली: दांडी आणि जमीन

ही सगळ्यांत चिवट. कोंबडी एक पाय उचलून उभी राहते, तळव्याच्या मधोमध काळी गोल खपली, भोवती सूज. इंग्रजी पुस्तकांतून बंबलफूट हे नाव आता पोल्ट्रीवाल्यांतही रुळलंय, गावात "तळव्याला गाठ" म्हणतात. छोट्याशा ओरखड्यातून स्टॅफायलोकोकस जंतू आत शिरतात आणि तिथेच घर करतात.

लोक खपली काढून पू पिळायला बघतात आणि काही निघत नाही. पक्ष्यांचा पू पातळ नसतो. तो विरघळवणारं जे रसायन आपल्या पांढऱ्या पेशींत असतं ते त्यांच्या पेशींत नसल्यामुळे पू सुकून कडक, पिवळट खडा होतो. तो खडा आत आहे तोवर वरून कोणतंही मलम पोचत नाही. वरची कातडी मिटते, आठवड्याभराने पुन्हा सुजते. "भरली होती हो, परत आली" म्हणतात ती जखम खरं तर भरलेलीच नसते.

सूज कमी असेल आणि पाय गरम लागत नसेल, तर रोज १०-१५ मिनिटं कोमट पाण्यात मेडिकलमध्ये मिळणारं मॅग्नेशियम सल्फेट घालून पाय बुडवा, पुसून बीटाडीन, वर कापसाची गादी आणि क्रेपची पट्टी. पट्टी बोटांना आवळत नाही ना हे रोज बघा. बोटं फुगली किंवा गार पडली तर पट्टी घट्ट झाली. सूज बोटांपर्यंत किंवा वर नळीपर्यंत गेली, पाय गरम लागला, की डॉक्टर. संसर्ग हाडापर्यंत पोचला तर मग पाय वाचवणं कठीण. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ब्लेडने खडा काढणारे व्हिडिओ भरपूर आहेत. माझं मत स्पष्ट आहे: करू नका. तळव्यात शिरा आणि बोटांचे स्नायुबंध दाटीने असतात आणि भूल न देता कापणं म्हणजे निव्वळ छळ.

आणि ओरखडा आला कुठून? आमच्याकडे कोकणात उत्तर बहुधा जांभ्याचा गडगा असतं. कोंबड्या त्यावर चढतात आणि खालच्या कडक अंगणात उड्या मारतात. वनराज, गिरिराज, आर.आय.आर. असल्या वजनदार जातींच्या तळव्याला ते सोसत नाही, हलक्या गावठी कोंबडीला सहसा काही होत नाही. बाकी ठिकाणी कोब्याची जमीन, शहाबादी फरशी, खुराड्यातली खिळे वर आलेली फळी. बसायची दांडी साधारण दोन इंच रुंद, कडा घासलेल्या, उंची दोन फुटांच्या आत. खाली तुसाचा किंवा लाकडाच्या भुशाचा दोन-तीन इंच थर, तोही कोरडा. हे न बदलता पाय बरा केला, तर पावसाळा संपेपर्यंत दुसऱ्या पायाला होईल.

तुरा, डोकं, मान

तुऱ्याला चोचीने पडलेली जखम खूप रक्ताळते, पण लवकर भरते. पुन्हा पुन्हा होत असेल तर दोन नरांची भांडणं मिटवा, म्हणजे एकाला हलवा.

मात्र तुऱ्यावर, डोळ्यांभोवती, चोचीच्या कडेला काळपट खपल्या येत असतील आणि एकीच्या मागून दुसरीला येत असतील, तर तो मार नाही. ती देवी. विषाणूचा रोग, डास पसरवतात. खपल्या सोलू नका, त्यांतच विषाणू असतो. आजारी वेगळ्या ठेवा, बाकीच्यांना देवीची लस देता येईल का ते दवाखान्यात विचारा.

रात्री खुराड्यात असूनही सकाळी मान किंवा पाय फाटलेला दिसतो, तेव्हा जाळी बघा. षट्कोनी घरांची पातळ कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला थांबवत नाही. मुंगूस, रानमांजर, घूस फटीतून पंजा घालून जे हाताला लागेल ते ओढतात. खुडूक बसलेल्या कोंबडीच्या पायाची बोटं उंदीर कुरतडतात, कारण ती जागची उठत नाही. अर्धा इंच घरांची वेल्डेड जाळी, खाली जमिनीत थोडी पुरलेली, याला दुसरा पर्याय नाही.

पावसाळ्यातला सगळ्यांचा शत्रू

जून ते ऑक्टोबर जखम उघडी ठेवली की माशी बसते, आणि अंडी घातल्यापासून दिवसभरात अळ्या निघतात. मच्छरदाणी त्यासाठी. जखमेला वास येऊ लागला, कोंबडी सुस्त झाली, कडेची कातडी पोकळ वाटली, की पिसं बाजूला करून नीट बघा. वर दिसणाऱ्या अळ्या चिमट्याने काढून मिठाच्या कोमट पाण्याने धुवा. खोल गेल्या असतील तर दवाखान्यात न्या. गुरांच्या जखमेचे फवारे गावातल्या कृषी सेवा केंद्रात मिळतात, पण त्यांपैकी काहींत कीटकनाशक असतं. डब्यावर कोंबडीचा उल्लेख नसेल तर डॉक्टरला विचारूनच मारा.

लंगडते, पण जखमच नाही

दोन ते पाच महिन्यांची तलंग एक पाय पुढे, एक मागे पसरून बसली असेल तर मरेक्स हा विषाणूजन्य आजार असू शकतो. मान पिळवटली असेल तर डोक्याला मार किंवा मानमोडी, म्हणजे राणीखेत. राणीखेतच्या लसी, लासोटा आणि पुढे आर-टू-बी, दिल्या होत्या का हे डॉक्टर विचारतीलच. कार्ड नसेल तर तारखा आठवून लिहून ठेवा.

एका दिवसात अनेक कोंबड्या अचानक मेल्या, डोकी सुजली, तुरे निळसर पडले, तर बर्ड फ्लू असू शकतो, पिशवीत घालून दवाखान्यात नेऊ नका. फोन करून त्यांना बोलवा. देशातला बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव २००६च्या फेब्रुवारीत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला होता.

डॉक्टर गाठायचा कसा

खरी अडचण इथे आहे. शहरातले कुत्र्या-मांजरांचे दवाखाने "आम्ही पक्षी बघत नाही" म्हणतात, गावातला पशुधन पर्यवेक्षक गाईकडे गेलेला असतो, आणि कुणीतरी हसून म्हणतंच, "कोंबडी ना? मग रस्सा करा की!" रागावण्यात वेळ घालवू नका. फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा: "साहेब, कोंबडी पाळीव आहे, खायची नाही, खर्च करायची तयारी आहे." संभाषण तिथून बदलतं.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी असतो, त्याच्याकडे जा. छोट्या दवाखान्यात बहुधा पदविकाधारक कर्मचारी असतो. टाके, हाड, भूल यांसाठी पदवीधर डॉक्टरच लागतो. १९६२ हा टोल-फ्री क्रमांक फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा आहे. गाडी कोंबडीसाठी येईलच असं नाही, पण जवळ डॉक्टर कोण आहे हे तिथे विचारता येतं. हाड मोडणं, पोटाची शस्त्रक्रिया अशा गोष्टींसाठी पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने चांगले: मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, आणि सातारा जिल्ह्यात शिरवळ. मुंबईत परळला जनावरांचं जुनं मोठं बाई साकरबाई रुग्णालय आहे. खासगीत विचारताना "पोपट, कबुतरं बघणारे डॉक्टर आहेत का" असं विचारा. पक्षी बघणारा डॉक्टर कोंबडी बघायला सहसा नाही म्हणत नाही.

निघण्याआधी वजन करा. भाजीच्या ताणकाट्यावर पिशवीत घालून केलं तरी चालेल. औषधाचा डोस किलोवर ठरतो, आणि "असेल दीड-दोन किलो" यात पाव हिश्श्याची चूक असते. जखमेचे फोटो काढा, पहिल्या दिवसाचेही. शीट कशी आहे ते बघा. खाणं बंद झालेल्या कोंबडीची शीट हिरवट होते. जखम कधी झाली हे तासांत सांगा, कारण ताज्या, स्वच्छ जखमेला टाके घालता येतात. शिळी, पू धरलेली जखम डॉक्टर बहुधा उघडीच भरू देतात, ते पाहून "टाके का नाही घातले" म्हणून वाद घालू नका. पंखाचं किंवा पायाचं हाड नीट बसवून बांधलं तर पक्ष्यांत साधारण तीन आठवड्यांत जुळतं.

औषध मिळालं की विचारा: चोचीतून द्यायचं की पाण्यातून? आजारी कोंबडी पाणी कमी पिते, म्हणून पाण्यात टाकलेल्या औषधातलं किती पोटात गेलं हे कुणालाच कळत नाही. शक्यतो चोचीतून द्यायचं मागा, आणि ते कसं द्यायचं हे डॉक्टरकडून समोर करून दाखवून घ्या. दिवस पूर्ण करा, मध्येच बरी दिसली म्हणून थांबवू नका. आणि अंडी. अँटिबायोटिक चालू असताना आणि नंतर किती दिवस तिची अंडी खायची नाहीत, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. ती अंडी शेजारी वाटू नका, दुसऱ्या कोंबड्यांनाही घालू नका.

कधीकधी डॉक्टर सांगतात की कणा गेलाय, त्रास देऊ नका. झोपेच्या इंजेक्शनने सोडवलं तर तो पक्षी खायचा नाही आणि उघड्यावर टाकायचा नाही. औषध मांसात राहतं आणि खाणारं कुत्रं किंवा घारही त्याने मरू शकते. खोल खड्ड्यात पुरा.

परत कळपात

रोज सकाळी दाणा घालण्याआधी दोन गोष्टी: वजन आणि गळ्याखालची पिशवी. पिशवी रात्रीतून रिकामी झाली पाहिजे. सुरुवातीच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त घट झाली तर जखम कशीही दिसो, डॉक्टरला फोन.

कातडी पूर्ण मिटली तरी लगेच सोडू नका. नव्या पिसांच्या कोंबांत रक्त असतं, ते कातडीतून निळसर दिसतात आणि इतरांच्या चोचीला आमंत्रण देतात. कोंब उघडून पिसं पसरेपर्यंत थांबा. त्याआधी काही दिवस जाळीच्या डाल्याखाली तिला कळपाच्या मध्ये ठेवा, म्हणजे दिसतील पण लागणार नाहीत. बाहेर राहून तिचा मान गेलेला असतो आणि परत आल्यावर क्रम ठरवायला थोडी टोचाटोची होणारच. रात्री अंधारात दांडीवर नेऊन बसवलं तर सकाळचा गोंधळ कमी होतो. दाणा दोन ठिकाणी टाका, म्हणजे दबंग कोंबडीला दोन्हीकडे पहारा देता येत नाही. पहिले काही दिवस संध्याकाळी खुराडं लावताना पाठ, बूड आणि दोन्ही तळवे हात लावून बघा. जुन्या जागी पुन्हा लाल दिसलं, तर कोंबडी बाहेर काढा आणि या वेळी जी टोचते तिलाही दुसऱ्या डाल्यात ठेवा. दबंग कोंबडी आठवडाभर वेगळी राहिली की परतल्यावर तिचाच क्रम खाली गेलेला असतो.